चित्रशाळा घरी आली तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते येथील एका शाळेत ३६ वर्षे चित्रकलेचे शिक्षक होते.)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी व्यासपीठावर उभे राहण्याचा मान एखाद्या विद्वानाला किंवा नामवंत साहित्यिकाला मिळावा, अशी रीत आहे. तो मान कार्यकारिणीने एका निवृत्त चित्रकला-शिक्षकाला दिला, याचे मला स्वतःलाच थोडे नवल वाटते. मी या पोलादनगरीत १९७६ साली आलो. हा मुलूख तेव्हा बिहारात होता, आज तो झारखंडात आहे. आम्ही मात्र जागचे हललो नाही. मंडळाला त्या वेळी पुरते वर्षही झाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात तिघे गृहस्थ माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, आपण चित्रकार आहात असे कळले. गणपतीला पडदे रंगवून द्याल का?" मंडळाशी माझा संबंध जडला तो असा, हातात चुन्याचा कुंचला घेऊन. तेव्हा आजही मी आपल्यापुढे बोलणार आहे ते माझ्या कुंचल्याच्या आवाक्यातलेच.

विषय म्हणून मी एक अलीकडची घटना निवडली आहे. ती घडली आपल्यापासून फार दूर, हॉलंडात आणि अमेरिकेत. परंतु तिचा शेवट, निदान माझ्यापुरता, माझ्याच घरात झाला. म्हणून ती आपणांस सांगावीशी वाटते.

मार्च २०२० मध्ये जगभरची कलासंग्रहालये बंद झाली. युनेस्कोने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत असे आढळले की, जगातील जवळजवळ ९० टक्के संग्रहालयांना त्या काळात दारे लावून घ्यावी लागली. संग्रहालय म्हणजे काय? भिंतीवर चित्र आणि चित्रापुढे माणूस. त्यांतला माणूसच येईनासा झाला, तर उरलेल्या इमारतीचा उपयोग कोणाला? देवळाचे दार बंद झाले तरी देव आत आहे, असे म्हणून भाविक बाहेरून हात जोडतो. चित्राला तशी सोय नाही. पाहणारा नसेल, तर ते रंग फासलेले कापड.

अशा वेळी अॅमस्टरडॅम शहरात घरी अडकलेल्या एका तरुणीने, सहवासातल्या मंडळींचे मन रमवावे म्हणून, एक खेळ सुरू केला. एखादे प्रसिद्ध चित्र निवडायचे, घरात हाताशी असलेल्या तीन वस्तू घ्यायच्या आणि स्वतःच त्या चित्रातले पात्र होऊन छायाचित्र काढायचे. बाजारातून काही आणायचे नाही. आपल्या खेळाला तिने डच भाषेत 'कला आणि विलगीकरण यांच्यामध्ये' अशा अर्थाचे नाव दिले. अॅमस्टरडॅमच्याच राइक्स म्युझियमने त्या खेळाला हात दिला. पुढे २५ मार्च रोजी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्या दर्शकांना जाहीर आवाहन केले की, घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे घेऊन आमच्या संग्रहातले एखादे चित्र पुन्हा उभे करा. आपणांस ती तारीख आठवत असेल. आपल्याकडे देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता.

उत्तरे हजारांनी आली. कोणी डोक्याला टॉवेल गुंडाळून आणि कानात घरातलेच काही चकाकते अडकवून व्हर्मीरची मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी झाले. गेटी संग्रहालयात व्हॅन गॉगचे निळ्या आयरिस फुलांचे १८८९ सालचे चित्र आहे. एका कुटुंबाने ते मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती, गाजराच्या चकत्या आणि लाकडी मणी यांतून उभे केले. कोठे भिंतीवरच्या सरदाराच्या जागी घरचे कुत्रे बसले, कोठे राजाच्या गळ्यातली चुणीदार पट्टी स्वयंपाकघरातल्या कागदाची झाली. त्यांतल्या निवडक छायाचित्रांचे 'ऑफ द वॉल्स' या नावाचे पुस्तक गेटीने त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, रिकामपणीचा हा चाळा आहे, याला कला कशाला म्हणायचे? मलाही प्रथम तसेच वाटले होते. चाळीसेक वर्षे खडू-फळा हाताळलेल्या माणसाच्या स्वभावात एक कडवटपणा येतो. त्याला वाटते, आधी सरळ रेघ काढा, मग गंमत करा. परंतु ती छायाचित्रे एकामागून एक पाहत गेलो तसे माझे मत बदलले. का बदलले, ते एका उदाहरणाने सांगतो.

राइक्स म्युझियममध्ये योहानेस व्हर्मीरचे 'दूधवाली' नावाचे चित्र आहे. ते १६६० च्या सुमाराचे. आकाराने अगदी लहान, साधारण हातभर. एक धट्टीकट्टी मोलकरीण मातीच्या सुरईतून दूध ओतते आहे, एवढाच विषय. कॅलेंडरावर, बिस्किटांच्या डब्यांवर ते आपण पाहिले असेल. पाहिले म्हणजे काय केले? बाई दिसली, दूध दिसले, पान उलटले. आता तेच चित्र घरात उभे करायचे ठरवा. तत्क्षणी प्रश्न सुरू होतात. सुरई कोणत्या हातात, आणि खालून आधार कोणता हात देतो? उजेड कोणत्या बाजूने येतो? डावीकडच्या खिडकीतून. म्हणजे आपल्याला खाटही हलवावी लागणार. बाईची नजर कोठे आहे? आपल्याकडे नाही, दुधाच्या धारेकडे आहे. आणि धार केवढी? सुतासारखी. तशी बारीक धार धरायला घरातले मूल जेव्हा चार वेळा दूध सांडते, तेव्हा त्याला कळते की, ती बाई घाईत नव्हती. मग भिंतीकडे लक्ष जाते. तेथे चित्रकाराने एक खिळा रंगवला आहे, आणि त्याची सावलीदेखील. खाली जमिनीवर पाय शेकण्याची एक लहानशी पेटी आहे. इतकी वर्षे कॅलेंडर भिंतीवर होते, पण तो खिळा आपल्याला दिसला नव्हता.

शिक्षक म्हणून मला या खेळाची थोरवी येथे जाणवली. मुलांना "नीट पाहा" असे सांगून ती नीट पाहत नाहीत. नीट पाहिल्याशिवाय जे करताच येणार नाही, असे काहीतरी त्यांच्या हाती द्यावे लागते. संग्रहालयाने नेमके ते केले. त्याने व्याख्यान दिले नाही, माहितीपत्रक पाठवले नाही. फक्त म्हटले, घरात काय आहे ते बघा आणि चित्रात काय आहे ते बघा. दोन्हींकडे एकाच वेळी पाहणारा माणूस चित्राचाही होतो आणि आपल्या घराचाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हे आवाहन आयत्या वेळी सुचले असले, तरी त्याची पूर्वतयारी आधीची होती. राइक्स म्युझियमने २०१२ सालीच आपल्या संग्रहातील सव्वा लाख कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या होत्या. कोणीही त्या घ्याव्यात, कापाव्यात, त्यांपासून नवे काही करावे. गेटीनेही २०१३ पासून तोच मार्ग धरला. दार आधीच मोकळे होते, म्हणून ते बंद पडल्यावरही लोक आत येऊ शकले. ज्यांनी हे केले नव्हते, त्यांना आयत्या वेळी काही करता आले नाही. युनेस्कोच्या त्याच पाहणीत आफ्रिकेतील आणि लहान बेटांच्या देशांतील जेमतेम ५ टक्के संग्रहालयांना आपल्या दर्शकांपर्यंत इंटरनेटवरून पोहोचता आले, असे दिसून आले. म्हणजे विहीर तहान लागण्यापूर्वीच खणावी लागते. या वाक्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मी आपणांस विचारतो, हे सारे आपल्याला नवीन आहे काय?

गणेशोत्सवातला सजीव देखावा आठवा. प्रसिद्ध प्रसंग, ओळखीची वेशभूषा, आणि माणसांनी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे. १९७७ साली आपल्या मंडळाने शिवराज्याभिषेकाचा देखावा केला. पडदे म्हणजे क्वार्टरांतल्या चादरी. छत्राला सायकलच्या चाकाच्या तारा. मुकुट पुठ्ठ्याचा, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. ती चांदी जमवण्यासाठी काही मंडळींनी जरा अधिकच सिगारेटी ओढल्या, अशी तक्रार त्यांच्या घरून माझ्याकडे आली होती. महाराज झालेल्या मुलाला नेमकी आरतीच्या वेळी शिंक आली आणि मिशी गागाभट्टांच्या ताम्हनात पडली. परंतु त्या रात्री शेजारच्या सेक्टरातली बंगाली, ओडिया, बिहारी मंडळी रांग लावून आली, आणि येथल्या लोकांना कळले की, मराठी नावाची काही माणसे या गावात राहतात. गेटीने जे २०२० मध्ये मागितले, ते आपण तेव्हा न सांगता केले होते.

रुखवताचे उदाहरण घ्या. लग्नघरी मांडलेले रुखवत म्हणजे एका दिवसाचे संग्रहालयच. विणकाम, भरतकाम, मण्यांचे तोरण, साखरेची तुळशीवृंदावने, आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून "हे कोणी केले हो?" असे विचारणारे दर्शक. संक्रांतीचे हलव्याचे दागिने तर जगातल्या कोणत्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असे. शेगडीच्या मंद आचेवर पाकाचा थेंब थेंब सोडीत तिळावर काटा फुलवायचा, आणि त्याचा हार, बाजूबंद, मुकुट करून नव्या सुनेला आणि पहिल्या वर्षाच्या बाळाला सजवायचे. ही कला कपाटात टिकत नाही. मुंग्या टिकू देत नाहीत. ती दर वर्षी नव्याने करावी लागते, म्हणूनच ती जिवंत राहिली.

चित्रांचेही तसेच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत आपला शिळाछापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. संग्रहालयाची पायरी ज्यांनी कधी चढली नसती, अशांच्या देवघरात चित्र स्वतःहून चालत आले. आणि घरातल्या बायकांनी त्याचे काय केले? त्यांनी ते नुसते पुजले नाही. देवीच्या साडीवर खरे कापड बसवले, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक शोधीत फिरतात. चित्रकाराचे चित्र घेऊन त्यावर घरच्या वस्तूंनी आपला हात फिरवणे ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवली नव्हती.

उलटा प्रवासही आपल्याकडे झालेला आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कै. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला. त्याच्या नावाने त्यांनी जमवले काय? राजेरजवाड्यांचा खजिना नव्हे. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, फण्या, भांडी, दौती, दारांच्या चौकटी. जे घरोघरी होते आणि घरोघरी टाकले जात होते, ते. खेडोपाडी हिंडून, पदरमोड करून त्यांनी हजारो वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. गेटीने संग्रहालय घरी नेले. केळकरांनी घर संग्रहालयात आणले. दोघांचे म्हणणे मला एकच वाटते. तुमच्या घरातली वस्तू पाहण्याजोगी आहे. तुम्हीच ती पाहिलेली नाही.

बंधुभगिनींनो, आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडा संकोच वाटतो.

टाळेबंदीच्या त्या दिवसांत माझा मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात बंगळूरला होती, आणि आम्ही दोघे येथे. नातीने या खेळाविषयी कोठेसे वाचले. तिने मला मोबाइलवर विचारले, "आजोबा, मी कोणते चित्र करू?" मी तिला सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' सुचवले. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभी करून हे चित्र रंगवले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि पुष्कळ लोक ते रविवर्म्यांचे समजतात. हातात दिवा घेतलेली स्त्री. दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. आणि त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. आपल्यासारखे तेही चित्र महाराष्ट्राबाहेर राहते, म्हणून मला त्याविषयी थोडी अधिकच माया.

नात तयारीला लागली. आईची साडी नेसली. वाटीत मेणबत्ती लावली. परंतु बोटांतून उजेड काही दिसेना. तिने पुन्हा फोन लावला. मी म्हटले, ज्योत अधिक जवळ नको, हात भाजेल. खोलीतला बाकीचा उजेड बंद कर. शेवटी तिने बोटांमागे मोबाइलची विजेरी धरली आणि तिची बोटे लाल उजळली. ती आनंदाने ओरडली. मी तिला सांगितले, "बाळ, तुला विजेरी तरी आहे. हळदणकरांनी हे जलरंगात केले आहे. जलरंगात उजेड मागाहून घालता येत नाही; कोऱ्या कागदाची तेवढी जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागते."

मग तिने विचारले, "आजोबा, पणजीकडे तसाच दिवा होता ना? त्या जुन्या फोटोत तिच्या हातात आहे तो. तो आता कोठे आहे?"

तो दिवा होता. पितळेचा, मुठीचा. माझी आई तिन्हीसांजेला तो हातात घेऊन ओसरीपासून माजघरापर्यंत जाई. ती येथे आमच्याकडे राहायला आली, तेव्हा दोन लुगडी आणि तो दिवा एवढेच घेऊन आली होती. २०१२ साली मी निवृत्त झालो. क्वार्टर सोडून दोन खोल्यांच्या सदनिकेत जायचे होते. बंब, घंगाळे, परात, तांब्ये असे सारे पितळ मी पोत्यात भरले आणि वजनावर विकले. पत्नी म्हणाली, "तो दिवा तरी ठेवा." मी म्हटले, "ठेवायचा कोठे? आणि आता लावणार कोण?" तराजूत दिवा आणि परात यांत काही फरक नसतो.

नातीला मी खरे ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही मला त्याचे चित्र काढून पाठवा. तुम्ही ड्रॉइंगचे सर आहात ना?"

मी कागद घेऊन बसलो. मूठ काढली, तबकडी काढली, वातीचे टोक काढले. मुठीवर एक पक्षी होता. तो मोर होता की हंस? मला आठवेना. पत्नीला विचारले, ती म्हणाली, हंस. धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, मोर, खात्रीने मोर. छायाचित्रात नेमकी त्या जागी आईची बोटे आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ जो दिवा माझ्या डोळ्यांपुढे होता, तो मी, चित्रकलेच्या शिक्षकाने, एकदाही नीट पाहिला नव्हता. ३६ वर्षे मुलांना 'वस्तुचित्र' शिकवले. फुलदाणी मांडली, किटली मांडली, पेरू मांडले. स्वतःच्या घरातला दिवा मांडावा असे काही सुचले नाही.

शेवटी मी पक्ष्याच्या जागी काहीच काढले नाही. तेवढी जागा कोरी ठेवली आणि चित्र पाठवले. नातीने त्या कागदाची घडी घालून कापून दिवा केला आणि त्यामागे विजेरी धरून दुसरे छायाचित्र काढले. ते माझ्या टेबलावर आहे.

ही एकट्या माझी गोष्ट असती, तर या व्यासपीठावर मी ती सांगितली नसती. परंतु आपल्या आसपास पाहा. ज्या पिढीने हे मंडळ स्थापले, तिच्यातली मोजकीच माणसे आज या सभागृहात आहेत. क्वार्टरे रिकामी होत आहेत. मुले बंगळूरला, पुण्याला आणि त्याहूनही दूर गेली. दर वर्षी चार-दोन घरे आवरली जातात, आणि प्रत्येक वेळी दाराशी तराजू येतो. त्यात जाते ते केवळ पितळ नव्हे. 'घंगाळ', 'वज्री', 'अडकित्ता', 'गुंडी' हे शब्दही त्याच पोत्यात जातात. वस्तू गेली की तिचे नाव मुलांना शिकवता येत नाही, दाखवायचे काय? परमुलुखात मराठी टिकावी म्हणून आपण निबंधस्पर्धा घेतो, नाटके बसवतो. ते योग्यच आहे. परंतु भाषेचा निम्मा संसार स्वयंपाकघरात आणि माळ्यावर असतो, आणि तिकडे आपले लक्ष उशिरा जाते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी कार्यकारिणीपुढे काही साध्या सूचना ठेवू इच्छितो. इमारत बांधू नये, वर्गणी काढू नये, कपाटे विकत घेऊ नयेत. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहाव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक कुटुंबाने घरातली एक जुनी वस्तू निवडावी. ती मौल्यवान नसली तर अधिक चांगले. घरातल्या मुलाने तिचे चित्र काढावे, छायाचित्र नव्हे, चित्र. म्हणजे मोर की हंस हे त्याला पाहावेच लागेल. आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाने त्या चित्राखाली दहा ओळी मराठीत सांगाव्यात: हिचे नाव काय, ही कोणत्या गावाहून आली, कोणी आणली, हिचा उपयोग काय होता. मुलाने त्या लिहून घ्याव्यात. त्या कागदांची एक वही मंडळाच्या ग्रंथालयात राहील. संग्रहालयाची तेवढी सुरुवात पुरे.

दुसरी गोष्ट, महिन्यातून एका रविवारी मुलांना घरबसल्या एक चित्र द्यावे. हळदणकरांचे, रविवर्म्यांचे, कधी व्हर्मीरचेही. नियम तोच, घरातल्या तीन वस्तू. बक्षीस मात्र मुळीच ठेवू नये. बक्षीस ठेवले की मुले बाजूला राहतात आणि वडील मंडळी कामाला लागतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे!

तिसरी गोष्ट, यंदाच्या गणेशोत्सवात सजीव देखावा व्हावा तो मंडळाच्याच जुन्या छायाचित्रांचा. १९७७ च्या देखाव्याचे एक पिवळे पडलेले छायाचित्र आपल्या दप्तरात आहे. त्यात जे उभे आहेत, त्यांच्या जागी त्यांची नातवंडे उभी करावीत. चादरी आपण देऊच. सिगारेटची चांदी नको. आज चॉकलेटची मिळेल. त्या काळचे महाराज सुदैवाने येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मिशी कशी चिकटवू नये, हे ते सांगतील.

आणि शेवटची गोष्ट, हे आपल्यापुरते ठेवू नये. आपण ज्या भूमीत अन्न खाल्ले, तिची स्वतःची घरगुती चित्रकला आहे. हजारीबागच्या बाजूला बायका पावसाळा सरल्यावर मातीच्या भिंती सारवतात आणि वेगवेगळ्या रंगांच्या मातीने त्यांवर पशुपक्षी रंगवतात. त्यांतली सोहराई सुगीच्या सणाची आणि खोवर लग्नघरची. २०२० सालीच सोहराई-खोवर चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पन्नास वर्षे येथे राहून आपल्यापैकी किती जणांनी त्या भिंती जवळ जाऊन पाहिल्या? मीही फार उशिरा पाहिल्या. आपल्या रांगोळीपुढे शेजारच्या बंगाली घरची आलपना आणि त्या बाईंच्या मातीच्या रेषा येऊ द्याव्यात. एकमेकांच्या उंबऱ्याशी थांबून "हे कोणी केले?" असे विचारले, तर शेजार नुसता पत्त्यापुरता राहणार नाही.

मघाशी मी म्हटले होते की, विहीर तहानेपूर्वी खणावी लागते. ज्या संग्रहालयांनी आधी दारे उघडून ठेवली होती, तीच अडचणीच्या वेळी लोकांच्या घरी जाऊ शकली. आपली अडचण काही एका रात्रीत आलेली नाही. ती घराघरांतून, हळूहळू, तराजूच्या एकेका फेरीने येते आहे. अजून पुष्कळ घरांत पितळ आहे. त्याची नावे सांगू शकणारी माणसेही आहेत. दोन्ही एकाच घरात आणखी किती वर्षे असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझ्यापुरता मी एक निश्चय केला आहे. आईच्या हातची एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे, तिने शिवलेली गोधडी. पुढच्या सुट्टीत नात येईल, तेव्हा आम्ही दोघे ती जमिनीवर पसरून तिचे चित्र काढणार आहोत. तिच्यात किती ठिगळे आहेत, कोणत्या लुगड्यांची आहेत, हे पत्नीकडून लिहून घेणार आहोत. मोजायला आजच सुरुवात केली आहे. एकोणतीसपर्यंत आलो होतो, तेवढ्यात मंडळाची गाडी मला न्यायला आली.

 मंडळाला पुढील पन्नास वर्षांसाठी शुभेच्छा देतो, आणि घरी गेल्यावर झोपण्यापूर्वी एकदा माळ्यावर नजर टाकावी, एवढी विनंती करून माझे भाषण संपवतो.